भिवापुरी मिरचीचे स्कोन

चीज भाजल्याचा वास आला की मला भिलाईतला शेजारी आठवतो. तिथला पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा मी सिगडीवर, वाळू घातलेल्या पातेल्यात, गाजर-मटार आणि डब्यातलं चीज घालून स्कोन, म्हणजे इंग्रजी पद्धतीचे छोटे खारे पाव, भाजले. दगडच झाले. शेजाऱ्याने त्यातला एक दाराखाली अडकवला आणि सगळ्या क्वार्टरवाल्यांना बोलावून दाखवला. तेव्हाच सूड घ्यायचं ठरवलं. पुढच्या रविवारी त्याच्यासाठी खास भाजले, आत भिवापुरी मिरची ठासून. "आधी तू खाय, भाऊ," तो म्हणाला. नाही कसं म्हणणार? माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. तो मात्र निवांत चावत म्हणाला, "आता जमलं तुले. आनखी हायेत का?" आज तो माझा व्याही आहे. तो येणार असला की मी दुप्पट मिरची घालतो, आणि तो अजूनही पहिला घास मलाच भरवतो.