मामाचा एकच व्यायाम

माझा मामा कुलपं दुरुस्त करतो. त्याचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. तो स्टुलावर बसला की गिऱ्हाइकाला आधी त्याची छाती दिसते, मग तो. ही छाती कमावलेली. दुकान बंद केलं की तो तडक जिममध्ये जायचा, बाकावर उताणा पडायचा आणि वजन लावलेला बार छातीवरून वर ढकलायचा. वर्षानुवर्षं तेवढंच. त्याच्याइतकं वजन तिथे कुणी ढकलत नसे. पोरं हातातले डंबेल खाली ठेवून बघत, आणि मामाला ते पुरेसं होतं.

कोच मागे लागायचा. पाठीचं करा, पायांचं करा, जमिनीवरून वजन उचला, ते घेऊन वळा. शरीर एकाच कामात हुशार झालं की बाकीची कामं विसरतं.

"काका, वर कपाट आणि खाली काड्या," तो एकदा म्हणाला, आणि सगळे हसले. मामाही हसला. पण दुसरा कुठलाही व्यायाम करताना तो हलक्या वजनानेही थरथरायचा, आणि पोरांदेखत थरथरणं त्याला नको होतं.

मग मामीला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. घरी सोडताना फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं, हिला पलंगावरून खुर्चीत कोण बसवणार? मामा म्हणाला, त्याची काळजी नको. बाईंनी तरी शिकवलं: गुडघे वाकवा, तिला अंगाशी घ्या, वळताना पाय फिरवा, कंबर नाही. तो माना डोलवत राहिला. मन लावून ऐकलं नसावं.

चारदोन दिवसांतच तो कमरेतून वाकला, तिच्या काखेत हात घातले आणि तिला छातीपर्यंत सहज उचललं. बार दोन्हीकडे सारखा असतो. मामी एका बाजूला ओघळली. तिला सावरत खुर्चीकडे वळताना त्याच्या पाठीत काहीतरी तुटल्यासारखं झालं, गुडघ्यांनी दगा दिला, आणि दोघं फरशीवर आली. शेजाऱ्यांना दार उघडता येईना. कुलूप मामानेच बसवलेलं होतं.

मामीच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर तिला शुश्रूषा केंद्रात ठेवायचं ठरलं. माझी आई त्याची धाकटी बहीण. तिने आडपडदा ठेवला नाही. "दादा, तुझ्याच्याने व्हायचं नाही हे."

"मी तिला घरी आणणार," मामा म्हणाला. "जरा वेळ द्या मला."

पाठ बरी झाल्यावर तो कोचकडे गेला. कोचने या वेळी थट्टा केली नाही. एक दिवस स्टुलावरून नुसतं उठणं-बसणं, दुसऱ्या दिवशी दोर ओढणं, मग एका पायावर तोल, मग वाळूची गोणी कवटाळून वळणं. पोरांसमोर मामा थरथरला, घामाघूम झाला, पुन्हा उभा राहिला. मला फोनवर सांगायचा, आज पाय झाले, आज पाठ. शाळेतल्या मुलासारखा आवाज. शेवटी त्याने मामीच्या वजनाची गोणी जमिनीवरून उचलली, पाय फिरवले आणि हळूच खुर्चीत ठेवली. कोच म्हणाला, आता घेऊन या काकूंना.

केंद्रात मी त्याच्याबरोबर होते. आया बाजूला झाली. मामाने अगदी नीट गुडघे वाकवले आणि मामीच्या पाठीमागे हात घातला. मामीच्या धड हाताने पलंगाचा कठडा पकडला.

"सोड," तो म्हणाला. "आता येतं मला."

"माहितेय," मामी जड जिभेने म्हणाली. हात सुटला नाही.

त्याने तिचं एक बोट उकलायला घेतलं, मग थांबला. मामी आयाकडे बघत होती. आयाने पुढे होऊन तिला खुर्चीत बसवलं. मामाने तिच्या पायांवरची चादर सारखी केली.

तो अजून रोज केंद्रात जातो. पलंगापाशी गुडघे वाकवून हात पुढे करतो, आणि मामीचा हात कठड्याकडे जातो का ते बघतो.

जातो.