दहा लाख एकची भिंत

फर्नांडिस सरांची आणि माझी पहिली ओळख माझ्या होडीत झाली. मी आचऱ्याच्या खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचो. सर शाळेत नवीन आले होते. होडीवर रंगवलेला नंबर निरखत ते म्हणाले, "ही मूळ संख्या आसा." मला वाटलं, नंबरात खोट निघाली, आता होडी जप्त होणार. सर हसले. "खोट नाय ओ. एक आणि ती स्वतः सोडून तिका कोण पुरो भागूक शकणा नाय." चौथी शिकलेला मी त्या दिवसापासून सरांचा शिष्य.

निवृत्तीनंतर सरांनी शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर कोळशाने लिहिलं: १०,००,००१. मूळ की संयुक्त? ज्याने त्याने एकेका मूळ संख्येने भागावं आणि बाकी आपल्या नावासह खाली लिहावी. मोबाइल काढायचा नाही. सात, अकरा, तेरा, प्रत्येकाची बाकी दोन. मासे विकून येणाऱ्या बाया टोपली उतरवून भागाकार करीत. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सर रोज संध्याकाळी घरी येऊन नव्या बाक्या मला वाचून दाखवीत. सत्त्याण्णव मी केला. बाकी अठ्ठावीस.

आणि सरांच्या पंचाहत्तरीसाठी सत्कार समितीने त्या भिंतीला चुना फासला. हा माझा राग गौरवअंकाच्या संपादकांनी कापू नये. मी सेक्रेटरींना विचारलं, "भिंत कित्याक पुसलास?"

"चुकलेली गणितां होती, आजोबा. एकाचाय उत्तर इला नाय. सत्काराक बरी दिसतली?"

मी तणतणत सरांकडे गेलो. ते शांत. "एकशे एक बघितलंस?"

त्यांच्या पायरीवर कोळशाने भागलं. बाकी उरली नाही. संशय आला, पुन्हा केलं. भागाकार ९९०१. म्हणजे मोठी संख्या संयुक्त.

"आता ही ९९०१ मूळ की संयुक्त?"

"परत पयल्यापासून? माझा वय किती उरला, सर?"

"पयल्यापासून कित्याक रे बाबल? हिका जो भागतलो, तो मोठीकय भागतलो. सत्त्याण्णवपर्यंत मोठीक कोण भागूक शकलो नाय. ही तर शंभर गुणिले शंभरच्याय खाली, म्हणजे ही फुटली तर एक तुकडो शंभराच्या खालीच गावतलो. फुडे बघूची गरजच नाय. ही मूळ."

मी पायरीवरच बसलो. ज्यांना समितीने चुका म्हटलं, त्या बाक्या हाच पुरावा होता. बायांचा, पोरांचा, माझा. तोच यांनी पुसला, आणि वर सरांचा फोटो लावून त्यांना 'आकड्यांचे जादूगार' म्हटलं. सरांनी कधी जादू केली नाही. त्यांनी आम्हाला सावकाश भागायला लावलं, आणि न भागलेलंही जपून ठेवायला शिकवलं.

चुना वाळला आहे. ज्याची बाकी त्याच्याच हाताने मी पुन्हा लिहून घेणार आहे. समितीने सरांना हार त्या भिंतीसमोरच घालावा. सरांनी पुढची संख्या ठरवली आहे, सांगत नाहीत. ती फार मोठी असावी आणि ती सुटेपर्यंत आमच्या बाक्या तपासायला सर धडधाकट असावेत, हीच देवाकडे मागणी. आणि तोवर भिंतीला कोणी हात लावू नये.