काय नडतंय?

सरोजाक्कांचा फोन आला तेव्हा मी इलेक्ट्रॉनिक सिटीत, ऑफिसात होते. त्या आमच्या शेजारीण, मूळच्या निपाणीकडच्या. "ताई पडल्यात बघा. डोकं फुटलंय. बेग या, लवकर." आमचं घर येलहंकाला, बंगळुरूच्या पार दुसऱ्या टोकाला. पोहोचले तेव्हा फरशीवरचं रक्त वाळलं होतं, आणि हॉस्पिटलात सांगण्यासारखं कुणाकडे काही उरलं नव्हतं... ताई गेली त्याला आता सहा आठवडे झाले.

आम्हा बहिणींचं प्रेम मारामारीचं. लहानपणी तिने माझे केस मुठीने उपटले, मी तिच्या खांद्याला चावले. तो वण तिच्या अंगावर शेवटपर्यंत होता. पुढे ती इथल्या शाळेत पीटी टीचर झाली. मैदानावर तिची शिट्टी वाजली की रस्त्यावरची माणसंही सरळ चालत. माझ्या नवऱ्याने माझ्यावर हात उगारल्याचं कळलं तेव्हा ती रातोरात पुण्याला आली आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याला अशी लाथ घातली, की वॉचमनही मधे पडला नाही. मग माझी बॅग भरून मला बंगळुरूला घेऊन आली.

मधुमेहाला ती जुमानत नसे. गोळी घ्यायची आणि वर म्हैसूरपाक खायचा. एका सकाळी डाव्या डोळ्यासमोर काळी-लाल जळमटं तरंगायला लागली. डोळ्यात रक्त उतरलं होतं. मग लेझर झालं, डोळ्यात इंजेक्शनं झाली. तीही तिने शिव्या देत घेतली. पुढे ती पावलं घासत चालू लागली, तेव्हा दिसत नाही म्हणून जपून चालते असं मी धरून चालले. ओरडणंही कमी झालं, चेहऱ्यावर राग दिसेना. ताई एकदाची निवळली, असं मी सरोजाक्कांना म्हणाले. माझ्याइतकी मूर्ख मीच.

डोळ्यांच्या तपासणीत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर टेकलेल्या ताईकडे, मग तिच्या मांडीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "कै नडुगुत्ता?" आमचं बोलणं ऐकून बिचारी मोडक्या मराठीत विचारतेय, असं मला वाटलं... काय, नडतंय का काही? माझ्या कानात ऑफिसचा कॉल चालू होता. मी हसून म्हणाले, "इल्ला, इल्ला, काही नडत नाही." त्यांनी मान डोलावली आणि पुढचा पेशंट घेतला.

त्यानंतर वर्षभराने तिने कुकरमधली उकळती डाळ माझ्या पायावर सांडली. तिसऱ्यांदा. माझं डोकं फिरलं आणि हातातला कालथा मी तिच्या मनगटावर हाणला, सगळा जोर लावून. आता ती मला बुकलणार म्हणून मागे सरले. ती नुसती उभी राहिली. एकाला दोन देणारी माझी बहीण, आणि तिचा हात वर येईना. मला तेव्हा जी भीती वाटली, तशी नवऱ्याचीही कधी वाटली नव्हती.

मेंदूच्या डॉक्टरांनी तिचा हात हातात घेऊन तिलाच विचारलं, "कै नडुगुत्ता?" हात थरथरतो का? कन्नडमध्ये कै म्हणजे हात, हे मला तिथे, त्या खुर्चीत बसून कळलं. कंपवात होता. मधुमेहाने डोळ्यांचे पडदे बिघडलेल्यांत तो जरा जास्त आढळतो, का ते अजून नक्की कळलेलं नाही, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी हातापायांकडेही बघावं, असं ते म्हणाले. आधी कळलं असतं तरी रोग टळला नसता. मार टळला असता, हे मी मनात म्हटलं.

परतताना रिक्षात मी तिच्यावर किंचाळले. "बावीस वर्षं कन्नडमध्ये पोरांना हाकतेस, तुला समजलं होतं ना?"

"समजलं होतं."

"मग गप्प का बसलीस?"

"तू नाही म्हणालीस, बरं वाटलं," ती म्हणाली. "डोळा गेला तर शाळा रजा देते गं. हात हलायला लागला की घरी बसवते."

गोळ्यांनी बराच फरक पडला. पाय जागीच अडकत, त्यावर तिने स्वतः उपाय केला: पलंगापासून मोरीपर्यंत लाल फरशीवर मैदानासारख्या पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. पट्टी दिसली की पाऊल उचलतं, म्हणायची. आणि एके दिवशी, मी तिचा म्हैसूरपाक कचऱ्यात टाकला म्हणून, तिने माझ्या कानाखाली सणसणीत वाजवली. मी तिच्या गळ्यात पडून रडले. "मार अजून," म्हणाले.

ती पडली त्या सकाळी उजव्या डोळ्यातही रक्त उतरलं असावं. "पट्ट्या कुठं गेल्या हो?" असं ती ओरडल्याचं सरोजाक्कांनी भिंतीपलीकडून ऐकलं, आणि मग धप्पकन आवाज.

परवा घरमालकाने पट्ट्या खरवडायला माणूस पाठवला. त्याने पत्रा टेकवला मात्र, मी त्याची कॉलर धरून त्याला जिन्यापर्यंत ढकलत नेलं. सरोजाक्का धावत आल्या. "सोडा त्याला, ताई," म्हणाल्या. मला आजवर कुणी ताई म्हटलं नव्हतं. मी कॉलर सोडली, आणि माझे हात कितीतरी वेळ थरथरत राहिले.