सिंगल सीटमागची शिंक

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. भुतांचा माझ्यावर असेल, तर तो त्यांचा प्रश्न! आमच्या रनाळे गावात कुणाच्या अंगात आलं, तरी पुढे बसून मजा बघणारा मी माणूस. तेव्हा हे वाचून हसलात तरी चालेल... मीही हसलो असतो.

माझी बायको मंदा मागच्या वर्षी तापाने गेली. तोवर रनाळे–नंदुरबार रस्ता आम्ही दोघांनी एकाच मोटरसायकलवर झिजवला. ती माहेरची नाशिककडची. नंदुरबारजवळ मिरचीच्या पथारी लागतात — मैदानभर वाळत घातलेल्या लाल मिरच्या. आम्हा इथल्यांना काही होत नाही. ती मात्र माझ्या पाठीत तोंड खुपसून शिंकायची. आधी एक, मग दम खाऊन जोडीने दोन. वर तक्रार, "अहो, तुम्ही पुढे गादीवर आणि मी मागे दगडावर!"

"वजन कमी कर, दगड मऊ लागेल," मी म्हणायचो. पाठीत गुद्दा ठरलेला.

ती गेली आणि तिच्या जागेवर लिफ्टवाले बसू लागले. कुणीही हात करतो, कुणीही बसतो. नाही म्हणवेना, सहनही होईना. मग ठरवलं — सिंगल सीट!

नंदुरबारच्या सीटवाल्याकडे मी मुलगी बघायला आल्याच्या ऐटीत बसलो. स्प्रिंगची सीट उडवायची, जेलची उन्हात तापायची. शेवटी रुंद, घट्ट फोमची, कमरेला टेकू देणारी पसंत केली. मागे उरलं नुसतं मडगार्डचं लोखंड.

"एक चक्कर मारी या, भाऊ," सीटवाला म्हणाला.

भर दुपार. सीट म्हणाल तर सिंहासन! पथारींपाशी आलो... आणि पाठीमागे शिंक. एक. मग दम खाऊन दोन. शर्ट पाठीला दमट, गरम लागला.

मी वळून पाहिलं नाही. भीती नव्हती हो — मनात एकच आलं, ही पत्र्यावर बसलीय.

परतलो तर सीटवाला ओरडला, "टाकीवर काबर बसना, भाऊ? इतली मस्त सीट बनाडी ना!"

खाली पाहिलं. तिला जागा करायला सरकायचो, तसाच पुढे सरकून मी टाकीला चिकटलो होतो.

"काढ ही," मी म्हटलं. "जुनी लांब सीट लाव. पुढचं राहू दे तसंच. मागे चांगला फोम भर."

"मांगे बसस कोण?"

"मिरची फार उडतेय आज," मी डोळे पुसत म्हणालो. रनाळ्याच्या माणसाला मिरची! त्याने पाना उचलला.

आता पथारींपाशी गाडी हळू करतो, कान मागे लावतो. शिंक पुन्हा आली नाही. एकदाही नाही. वारा, भास, कानाचा दोष — सगळं स्वतःला सांगून पाहिलं, एकही पटलं नाही.

परवा फाट्यावर एकाने हात केला. "काका, नंदुरबार लगून लई चालतस का?"

थांबलो. मागे नवी, मऊ, रिकामी गादी.

"नही रे भो," म्हटलं, "जागा भरेल शे."