बायकोच्या सुरीची धार

बायकोला लकवा मारला, तेव्हापासून घरातल्या साऱ्या सुऱ्या मी तिच्यापासून लपवून ठेवल्या होत्या. पाय थोडा सावरला, बोलणं परत आलं. उजवा हात हलायचा, पण त्याची जाणीव गेली ती गेलीच. एकदा तिची बोटं तापल्या तव्याला टेकली, अन् जळल्याचा वास मला बाहेरच्या खोलीत आला. तिला पत्ता नाही. त्या दिवशी पक्कंच ठरवलं, हिच्या हाती सुरी द्यायची नाही.

पण ही बाई ऐकेल तर शपथ! "माही भाजी मी चिरीन," एवढाच धोशा. सून कांदा जाड चिरते, वांग्याच्या फोडी मोठ्या करते, ही सारी निमित्तं. कायले खोटं बोलू, नुसतं बसून राहणंच तिला खात होतं.

मग मी एक चलाखी केली. तिचीच एक जुनी सुरी होती, घाटंजीच्या बाजारातून तिनं आणलेली, गंजून काळी पडलेली. पोराचं हातात मावणारं छोटं ग्राइंडर काढलं. उभा जन्म एसटीत तिकिटं फाडली, माझा अन् हत्यारांचा संबंध काय? पहिल्यांदा चाक एकाच जागी दाबून धरलं, तर पातं तापून निळं पडलं. गंजाची धूळ नाकातोंडात गेली. मोबाइलवर पाहून पाहून समजलं, की चाक सारखं सरकवत राहायचं, मधूनमधून पातं पाण्यात बुडवायचं, अन् शेवटी कापडी चाकाला पॉलिशचा मसाला लावून घासायचं. सुरी अशी चकाकली की मलाच नवल वाटलं. धार मात्र मी मुद्दाम घासून बोथट केली. पिकलं केळंसुद्धा धड कापलं नसतं.

तिनं उजव्या पंजाखाली कांदा धरला अन् डाव्या हातानं सुरी दाबली. कांदा नुसता चेपला.

"धार नाई हो हिले."

"जमलीच नाई मले. नवशिका हावो मी."

"जमन," ती म्हणाली. "शिकून राह्यले नं तुमी."

वर माझीच समजूत काढत होती. लाज वाटली मला. तरी ती रोज सुरी परत द्यायची, अन् मी रोज अंगणात बसून मशीन फिरवायचो. चकाकी तेवढी वाढत होती.

एका सकाळी तिनं पात्यावरून डावा अंगठा फिरवला अन् माझ्याकडे पाहिलं.

"चकाकी जमते, मंग धार काहून जमत नाई?"

मी तिच्या हातातून सुरी घेतली.

"भेता तुमी. हात मेला माहा. मी नाई मेली."

अंगणात जाऊन धार लावली. कागद सर्रकन कापला गेला. तशीच सुरी नेऊन तिच्या हाती दिली.

तिनं कांदा चिरला. बारीक, पहिल्यासारखा. मान खाली घालून चिरत होती, तोंडानं काहीतरी गुणगुणत होती. उजव्या हाताच्या बोटातून रक्त फळीवर उतरत होतं, अन् तिला खबर नव्हती. मी धावत जाऊन तो हात उचलला. तिनं बोटाकडे पाहिलं, शेजारणीचं बोट पाहावं तसं.

"फडकं बांधा," म्हणाली, "अन् वांगे द्या इकडं."

मी फडकं बांधलं. वांगी पुढं सरकवली. ती चिरून होईपर्यंत तिच्या उजव्या हातावर माझा हात ठेवून बसलो. तिला तो कळत नव्हता.