मुलींना न आवडणारी भाजी

ताई सफरचंद हातात घ्यायची, वास घ्यायची आणि परत ठेवायची. केळी घरातल्या माणसांइतकीच तोडून मागायची. त्या माणसांत स्वतःला धरायची नाही. डागी टोमॅटो चालायचा, जून भेंडी कधीच नाही. बाजारात जायची ती भाजीवाली आवराआवर करायला लागली की. अनोळखी भाजीला हात लावायची नाही. मुलींनी ताट सरकवलं, तर दुसरं काही करून घालायला घरात नसायचं.

ताई नवरा आणि दोन मुलींबरोबर माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. शिंप्याकडचे शर्ट आणून काज-बटण करायची. बाजारात सगळे तिला काजवालीच म्हणायचे.

तिला चक्कर येऊ लागली तेव्हा दवाखान्यात मी बरोबर होतो. गर्भाशयातली गाठ काढायला हवी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण अंगात रक्तच नाही. आधी ते वाढू दे. दोन महिने फळं, बीट, पालेभाजी खा. "तू खा," असं त्या दोनदा म्हणाल्या.

ताईने पेरू आणले. मुलींनी फस्त केले. डाळिंब आणलं, तर नवऱ्याने हौसेने सोलून दाणे मुलींच्या वाट्यांत घातले. मी चिडलो.

"अरे, त्या बघत असताना माझ्या घशाखाली उतरेल का?" ती म्हणाली.

मग तिने तोड काढली. मुलींना जे आवडत नाही, तेच आणायचं.

"बीट दे गं," ती भाजीवालीला म्हणाली.

"काय काजवाले, पोरी सासरी धाडल्यास की काय? त्या तर बीट बघून नाक मुरडतात."

"म्हणून तर. माझ्या ताटात टिकेल तरी."

आठवडाभर टिकलं. पण ताई ते मिटक्या मारत खायची. एक दिवस धाकटी जवळ सरकली. "आई, एक फोड दे ना." मग थोरलीही. कुणाची जीभ जास्त लाल, यावर दोघींची भांडणं लागली.

"बघितलंस का रे, माझ्या पोरी बीट खातात!" ताई दारातून मला ओरडून सांगत होती. तिच्या वाटीत नुसतं लाल पाणी उरलं होतं. मीही हसलो.

दोन महिन्यांनी तपासलं. रक्त होतं तिथेच होतं. ऑपरेशन पुढे ढकललं.

"आता काहीतरी कडू बघते," येताना ती म्हणाली, आणि वाटेत मेथीच्या दोन जुड्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला रक्तस्राव सुरू झाला. रिक्षा मीच आणली. दवाखान्यात पोचलो, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिची नाडी बघितली आणि तिचा हात खाली ठेवला.

मी मुलींसाठी परत आलो. दार उघडंच होतं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं. एक जुडी निवडून चाळणीत ठेवली होती. दुसरीचा दोरा सोडलेला होता. तिच्या चार काड्यांची पानं खुडून झाली होती.