घरातल्या अळ्या, रानातल्या अळ्या

आई गेल्यावर मी बाबांना हट्टानं पोंभुर्ण्याला, माझ्या सासरी घेऊन आले. वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या जंगलात, ऐनाच्या झाडांवर कोसा रेशमाच्या अळ्या राखण्यात त्यांचा जन्म गेला. आता बस्स झालं, म्हातारपणी माझ्या डोळ्यांसमोर राहायचं, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं होतं.

आमच्याकडेही रेशमाच्या अळ्याच, पण तुतीच्या. शेडमध्ये, जाळीच्या आत, ट्रेमध्ये राहणाऱ्या. त्यांना पाला कापून अगदी तोंडाशी न्यावा लागतो. बाबांनी पहिल्यांदा आत डोकावलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अवं बाई, यायले कोंडून काऊन ठेवलं? ना ऊन, ना वारा!"

"बाबा, ह्या अशाच राह्यतेत. तुमी जेवून घ्या बरं."

जेवतात कसले! त्यांचं अन्नावरचं मनच उडालं होतं. अळ्या राखायचे दिवस आले की त्यांच्या गावची माणसं दाढी करत नाहीत, मटण-मासळीला शिवत नाहीत आणि जंगलातच मुक्कामाला जातात. बाबांनी इथंही दाढी वाढवली, मासळीचं ताट परत केलं. मला सगळं कळत होतं, पण मी मुद्दाम विषय काढला नाही.

एका दुपारी बाजारातून आले, तर शेडमधला एक ट्रे रिकामा! बाबा बांधावरच्या तुतीखाली गुलेल घेऊन उभे. अळ्या त्यांनी झाडावर सोडल्या होत्या. एका पाखराला जवळ फिरकू दिलं नव्हतं. पण अळ्या आपोआपच टपाटप पडत होत्या, खाली मुंग्या लागल्या होत्या, आणि बाबा एकेक उचलून पुन्हा पानावर ठेवत होते.

अशी चिडले होते मी! पण त्यांची ती धडपड पाहिली आणि मला रडूच फुटलं.

"यायले धरताच येत नाई वं," ते म्हणाले. "माही अळी वादळातही फांदी सोडत नाई. मले वाटलं, बिचाऱ्यायले जरा रान दाखवावं."

उरलेल्या अळ्या आम्ही दोघांनी वेचून ट्रेमध्ये ठेवल्या. लगेच पाल्यावर तुटून पडल्या.

"अन् तुमची अळी इथी आणली तं?" मी विचारलं.

"खाणं सोडते," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची पिशवी भरली, गुलेल सगळ्यात वर ठेवली आणि त्यांना गडचिरोलीच्या एसटीत बसवलं. गाडी सुटायच्या आधीच त्यांनी मी दिलेला डबा मांडीवर उघडला. खिडकीखाली उभी राहून मी त्यांना पोटभर जेवताना पाहत होते.